गुरुवारचं पाणी, सोमवारची फाईल : पुण्यात महापालिकेचा आठवडा इथे लिहीत जाऊया

पर्वतीपायथा (बुधवार संध्याकाळ)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज बसून लिहितेय. दर थोड्या दिवसांनी आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर तो कागद फिरायला लागतो, गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येईल, आणि खाली भागांची ही लांबलचक यादी. मग दिवसभर तेच चालतं, आपल्याकडे आहे का हो बंद, आमची गल्ली यादीत दिसत नाही म्हणजे येणार ना. आमच्या बिल्डिंगमध्ये अठरा घरं आहेत, त्यातल्या पाच घरांत सत्तरीपुढची माणसं, एकटी नाहीतर दोघंच. त्यांच्या फोनवर कागद पोचतो पण वाचला जात नाही, अक्षर बारीक आणि त्यात ते एमएलआर एचएलआर. गेल्या खेपेला तिसऱ्या मजल्यावरच्या आजी सकाळी सातला माझ्या दारात रिकामी कळशी घेऊन उभ्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी पण नाही. ते मला फार लागलं.

तेव्हापासून मी कागद आला की आमच्यापुरतं काय ते मोठ्या अक्षरात एका ओळीत लिहून जिन्यात मीटरच्या पेटीशेजारी चिकटवते. "उद्या पाणी नाही. आज रात्री नऊपर्यंत भरून ठेवा. परवा दुपारनंतर." एवढंच. आता आजी स्वतः येऊन विचारतात, पाटी लावलीस का गं.

यादी वाचायची एक सोपी रीत सांगते. त्यात आधी टाकीचं नाव असतं, मग भाग. त्यामुळे दर वेळी आपली गल्ली शोधत बसायचं नाही, आपण कुठल्या टाकीवर आहोत ते एकदाच माहीत करून घ्यायचं. पर्वती जलकेंद्राच्या तीन पातळ्यांच्या टाक्या आहेत, एलएलआर खालची, एमएलआर मधली, एचएलआर वरची. डेक्कन, शिवाजीनगर, स्वारगेट, दत्तवाडी, राजेंद्रनगर आणि बऱ्याचशा पेठा एलएलआरवर. गंज पेठ, भवानी पेठ, काशेवाडी, लोहियानगर हा पूर्वेकडचा गावभाग एमएलआरवर. सहकारनगर, पद्मावती, बिबवेवाडी, मुकुंदनगर असा चढावरचा भाग एचएलआरवर, त्यात आम्ही. बाकी वडगाव, वारजे, लष्कर अशी वेगळी जलकेंद्रं आहेत, सिंहगड रोड आणि धायरीवाले वडगाववर, हडपसर बाजू लष्करवर. 

आणि पाण्याचंच कशाला, महापालिकेच्या आठवड्यात कितीतरी गोष्टी ठरलेल्या वारी होतात आणि आपल्याला पत्ताच नसतो. ज्याला जे पक्कं माहीत असेल ते इथे टाका. ऐकीव नको, खात्रीचं.

टी_चावी (बुधवार रात्र)

ताई धागा फार चांगला काढलात. माझे वडील पाणीपुरवठ्यात चावीवर होते, म्हणजे व्हॉल्व्ह सोडायचं काम, नोकरीची सगळी वर्षं तेच. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर पहाटे जायचो म्हणून थोडं सांगतो की शुक्रवारी पाणी उशिरा का येतं, कारण लोकांना वाटतं काम संपलं की बटण दाबलं आणि नळाला पाणी आलं, तसं नसतं.

पंप सुरू झाले तरी आधी मोठ्या लाईन भरायच्या असतात, त्या दिवसभरात रिकाम्या होऊन आत हवा धरलेली असते. मग टाकीत लेव्हल यायची वाट बघायची. लेव्हल नसताना व्हॉल्व्ह सोडला तर सखलातली घरं सगळं ओढून घेतात आणि चढावर थेंब जात नाही. म्हणून एचएलआरवाल्यांचं सगळ्यात शेवटी, ताई तुमच्याकडे उशीर होतो तो त्यामुळे.

वडिलांची चावी म्हणजे लोखंडी पहार वाटावी अशी, वर आडवी दांडी, टी अक्षरासारखी. रस्त्यातलं झाकण पहारीने उचकटायचं, आत चेंबरमध्ये चावी सोडायची, खालच्या चौकोनी डोक्यावर बसली की एक बारीक खट् आवाज येतो. मग आटे मोजत फिरवायचं. दोन आटे झाले की थांबायचं. चावीच्या दांडीला कान लावायचा. आत पाणी धावायला लागलं की आधी फुसफुस येते, ती हवा, मग घुमल्यासारखं आणि मग एकसारखं सूं. ते एकसारखं झालं की पुढचे दोन आटे. मी विचारायचो की एकदम का नाही उघडत, तर म्हणायचे, एकदम सोडलं की पाणी दणका मारतं, जुनी लाईन आहे, कुठेतरी फुटणार आणि मग ह्या लोकांना उद्या पण पाणी नाही. हाताला फडकं गुंडाळलेलं असायचं, तरी हिवाळ्यात त्या लोखंडाने तळहात फुटायचे. लोक गॅलरीतून ओरडायचे, अहो लवकर सोडा. ते वर बघून नुसती मान हलवायचे आणि परत कान लावायचे.

आता मोठ्या लाईनींवर पुष्कळ सुधारणा झाल्यात पण गल्लीतला व्हॉल्व्ह अजून माणूसच सोडतो. तो दिसला तर त्याला वेळ विचारा, कुठल्याही ग्रुपपेक्षा त्याला जास्त माहीत असतं. आणि पाणी विचारा प्यायला, पहाटे साडेचारपासून फिरत असतो.

खराडीत_नवीन (बुधवार रात्र)

धागा सेव्ह केला. एक प्रश्न, आम्ही नागपूरहून आलोय आठ महिने झाले, खराडीत भाड्याने राहतो, आमच्याकडे पर्वतीचं येतं की लष्करचं? सोसायटीत कुणालाच सांगता येत नाही, टँकरचंच चालतं जास्त करून.

पर्वतीपायथा

@खराडीत_नवीन, खराडी, विमाननगर, वडगाव शेरी, लोहगाव, धानोरी हा सगळा नगर रोडचा पट्टा आता बराचसा भामा आसखेडवर आहे. खेड तालुक्यातलं धरण, तिकडून थेट लाईन आणलीये, जानेवारी २०२१ पासून सुरू. त्यामुळे खडकवासल्याकडचं काम निघालं तरी तुमच्याकडे दर वेळी बंद असेलच असं नाही, कागदात भामा आसखेड शब्द आहे का एवढंच बघायचं. तुमच्या इमारतीचं नक्की मात्र क्षेत्रीय कार्यालयातल्या पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंत्याला विचारा, ते नकाशा बघून सांगतात. टँकर घेत असाल तर कुठून भरतो ते विचारल्याशिवाय घेऊ नका हं, प्यायला तर नाहीच. आम्हाला एका टँकरवाल्याचा अनुभव फार वाईट आलाय, तेव्हापासून मी पाटीत वापरायचं आणि प्यायचं असं वेगळं लिहिते.

जुना_सदाशिवकर (बुधवार रात्र उशिरा)

गुरुवारच का असा प्रश्न नव्या पिढीला पडतो म्हणून लिहितो. आपल्याकडे गुरुवार हा दुरुस्तीचाच वार. पिंपरी चिंचवडकडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, वीजवाल्यांची देखभालही गुरुवारी, आणि पंपिंग सगळं विजेवर. पण मे २०२३ मधे जो दर गुरुवारी पाणी बंदचा निर्णय झाला होता तो वेगळा हं, तो दुरुस्तीचा नव्हता, पाऊस लांबणार अशी भीती होती म्हणून धरणातलं पाणी पुरवायला. दोन्हीची गल्लत करू नये.

मी ७२ वर्षांचा. पानशेत फुटलं तेव्हा आठ वर्षांचा होतो, १२ जुलै १९६१. पूर ओसरल्यावर आमच्या वाड्यातल्या विहिरीवर जी रांग लागायची ती डोळ्यासमोरून जात नाही, नदीकडच्या पेठांमधली ओळखीची बिनओळखीची माणसं, आणि आमची आजी रहाटाजवळ उभी राहून प्रत्येकाला सांगायची दोन घागरी न्या, मागच्यालाही हवंय. त्या वेळी खडकवासलाही फुटलं होतं, म्हणजे गावाला पाणी देणारं धरणच गेलं. तेव्हापासून आमच्या घरात भांडं भरून ठेवल्याशिवाय कुणी झोपत नाही.

दौंडकडचा (गुरुवार सकाळ)

वाचतोय कालपासून. मी दौंड तालुक्यातला, ऊस आणि थोडा कांदा. पुणेकर मंडळींना एक सांगू का, तुम्ही गुरुवारची वाट बघता तशी आम्ही आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सुटायच्या पाळीची, वाट बघतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २८०० कोटी लिटरच्या वर. आकडा मोठा वाटतो पण त्यात खडकवासला स्वतः १.९७ च आहे, खरं पाणी वरसगाव आणि पानशेतला, १२.८२ आणि १०.६५. ह्याच्यातूनच तुमचं पिण्याचं आणि ह्याच्यातूनच मुठा उजव्या कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरचं शेत. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की आमच्या गावात पारावर लोक जमतात, किती आवर्तनं मिळणार, उन्हाळी मिळणार का.

पिण्याचं पाणी आधी हे आम्हाला मान्यच आहे, कुठला शेतकरी म्हणेल की माणसाला तहानेलं ठेवा आणि उसाला द्या. पण तिकडे गाडी धुवायला पाईप लावून अर्धा तास सोडलेला बघितला ना की पोटात तुटतं. माझी बहीण कोथरूडला असते, तिच्या सोसायटीत मी स्वतः जाऊन नळ बंद केलाय.

पर्वतीपायथा

दादा तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, हे पाणी कुणाबरोबर वाटून घेतोय ते आपल्या कागदात कधी येत नाही. मी उद्या पाटीखाली दोन ओळी वाढवणार, दौंडच्या शेतकऱ्याची विनंती म्हणून.

जलशुद्धी_कर्मचारी (गुरुवार सकाळ)

दौंडच्या दादांना पुरवणी, मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे उपसा विहिरीतून, शुद्ध केलेलं सांडपाणी बेबी कालव्यात, म्हणजे जुन्या मुठा कालव्यात, सोडतात शेतीसाठी, म्हणजे शहर जेवढं सांडपाणी नीट शुद्ध करेल तेवढा तुमच्या वाट्यावरचा ताण कमी. नुसतं नळ बंद करा म्हणून भागणार नाही, मैलापाण्याची कामं वेळेत होतायत का हे पण आम्हा पुणेकरांनी विचारलं पाहिजे. ते विचारायची जागा खाली कुणीतरी सांगेलच.

कागदं_३_ते_५ (गुरुवार सकाळ)

मी सांगतो, तेच माझं काम आहे, म्हणजे निवृत्तीनंतर लागलेली सवय. सोमवार दुपारी ३ ते ५. ही वेळ सगळ्यांनी लिहून ठेवा.

माहितीचा अधिकार म्हटलं की लोक घाबरतात, अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवस, मग अपील. पण सोमवारी ३ ते ५ महापालिकेच्या खात्यात जाऊन रेकॉर्ड नुसतं बघायची सोय आहे, ती सध्या चालू आहे ना एवढं निघण्याआधी विचारून घ्या. पुण्यात हे आधीपासून होतं, नोव्हेंबर २०१८ मधे राज्य सरकारने सगळ्या महापालिका, जिल्हा परिषदा, जिल्हा पातळीवरची कार्यालयं यांना लागू केलं. कामाचा आदेश, एस्टिमेट, बिलं, तपासणीचे रिपोर्ट. ओळखपत्र न्यावं, कुठल्या कामाची फाईल हवी ते आधी एका कागदावर नीट लिहून न्यावं, रस्त्याचं नाव आणि साल तरी पाहिजेच, नुसतं आमच्याकडचा रस्ता म्हणालात तर समोरचा माणूस तरी काय शोधणार. 

मी नोकरीला दुसऱ्या शहरात होतो तेव्हा तिथल्या एका ऑफिसात, नाव नको, आमच्या गल्लीतल्या गटाराचं काम कागदावर पूर्ण झालेलं आणि गल्लीत खड्डा तसाच. चार वर्षं तक्रारी करून दमलो. शेवटी एका सोमवारी फाईल उघडली, मोजमाप वहीत लांबी लिहिलेली, मी टेप घेऊन गल्ली मोजली होती, लांबीच जुळत नव्हती. मी आवाज चढवला नाही, त्या वहीच्या पानाचा नंबर लिहून घेतला आणि तोच नंबर घालून एक साधं पत्र दिलं. दोन महिन्यांत काम झालं. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगतो, भांडायच्या आधी पान नंबर मिळवा.

आणि महिन्याचा पहिला सोमवार महापालिकेचा लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस. त्याला मात्र १५ दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात दोन प्रतींत अर्ज द्यावा लागतो, आयत्या वेळी जाऊन चालत नाही, आणि कोर्टात असलेली प्रकरणं किंवा नोकरीसंबंधीचे विषय तिथे घेत नाहीत. सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी.

मंगळवारची_बैठक (गुरुवार दुपार)

मंगळवार राहिला. स्थायी समिती. १९४९ च्या महापालिका अधिनियमात आठवड्यातून एकदा तरी तिची बैठक व्हावी असंच आहे, आणि पुण्यात ती बरीच वर्षं मंगळवारी होत आली आहे. १६ सभासद. मोठी टेंडरं, खर्चाच्या मंजुऱ्या सगळ्या इथून जातात. मार्च २०२२ मधे नगरसेवकांची मुदत संपली आणि मग जवळजवळ चार वर्षं प्रशासकच, स्थायी समिती पण तेच आणि मुख्य सभा पण तेच. त्या काळात काम झालं नाही असं मी म्हणणार नाही, पण विचारायला आपला माणूस नव्हता, ते फार जाणवलं. ज्याला रात्री अकराला फोन करून अहो ड्रेनेज तुंबलंय म्हणून उठवावं तो माणूसच नाही. आता जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर १६५ जण आहेत. तुमच्या प्रभागातले कोण आहेत ते माहीत करून घ्या आणि मंगळवारच्या बैठकीत तुमच्या भागाचा विषय आहे का ते त्यांना सोमवारीच विचारा, बुधवारी पेपरात वाचून काय उपयोग.

अजून एक, २००६ पासून पुण्यात नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात. बाक, पदपथ, दिवे, अशी छोटी कामं. पावसाळ्यात फॉर्म निघतात, क्षेत्रीय कार्यालयात द्यायचे. आमच्या शाळेजवळच्या वळणावर दिवा आलाय तो ह्याच फॉर्ममधून, आमच्या शेजारच्या काकूंनी भरलेला.

गंजपेठी

+१ मंगळवारवाल्यांना. फुले स्वतः पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते, १८७६ पासून. आणि त्याच्या आधी १८६८ मधे त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, इथेच गंज पेठेत. कात्रजहून जमिनीखालून आणलेलं पेशवाईतलं पाणी गावात हौदाहौदाने खेळवलेलं, पण त्यावर कुणाचा हात लागायचा आणि कुणाचा नाही हे ठरलेलं होतं. पाणी आहे का हा एक प्रश्न आणि ते कुणापर्यंत पोचतं हा दुसरा, तो तेव्हापासूनचा आहे. आज वस्तीत चार घरांना मिळून एक नळ असेल आणि त्यातली बाई सकाळी सहाला कामावर जात असेल तर शुक्रवारी दुपारी आलेलं पाणी तिला कसं मिळणार? वेळ जरा पक्की कळली तर ती शेजारणीला सांगून तरी जाईल. कागदात उशिरा असं न लिहिता अंदाजे किती वाजता ते टाकीवार लिहायला हवं. माझी तर एवढी एकच मागणी आहे.

टी_चावी

गंजपेठी, शंभर टक्के. अगदी मिनिट सांगता येणार नाही पण टाकीवार दोन तासांचा अंदाज नक्की सांगता येतो. वडील घरी निघायच्या आधी सांगायचे, आज चारच्या पुढे म्हण तुझ्या मावशीला. आणि बहुतेक चार-साडेचारलाच यायचं.

ओला_सुका_सखी (गुरुवार संध्याकाळ)

पाण्याच्या दिवशी कचऱ्याचं पण बोलूया का. मी कचरावेचकांच्या संघटनेबरोबर थोडं काम करते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची, आणि त्यातून पुढे निघालेली स्वच्छ ही सहकारी संस्था, २००८ पासून महापालिकेबरोबर करार करून दारोदार कचरा गोळा करते. ह्या बायका रोज येतात, पाणी असो नसो. गुरुवारी मात्र लोक खरकटी भांडी तशीच ठेवतात, दुधाच्या पिशव्या न धुता सुक्यात टाकतात, मग संध्याकाळी शेडमध्ये सुकं वेगळं करायला बसलं की त्या वासाने डोकं धरतं. पिशवीत चमचाभर पाणी घालून हलवलं तरी पुरतं, तेवढं पाणी असतं घरात. आणि सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, नियम तर २०१६ पासून आहेतच पण नियमासाठी नको, ज्या हाताने ते उचललं जातं त्या हातासाठी काढा. माझ्या घरी येणाऱ्या मावशींनी मला एकदा एवढंच सांगितलं होतं, ताई ठिपका दिसला की मी हात दुसरीकडून घालते.

सिंहगड_रोडवासी (गुरुवार रात्र)

उद्या पाणी येईल त्याबद्दल. पहिलं पाणी गढूळ येतं, लाईन रिकामी होऊन भरली की तळाचं सगळं ढवळून निघतं. पहिली दहा पंधरा मिनिटं बादलीत घ्या, संडासला, झाडांना, फरशीला वापरा, पिण्याचं नंतर भरा आणि निदान उद्या तरी उकळून प्या.

हे मी इतकं कळकळीने का लिहितोय तर जानेवारी २०२५ ला आमच्या भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूला जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे, पेशंट झाले तेव्हा आमच्या शेजारचा कॉलेजातला मुलगा व्हेंटिलेटरवर होता. चालत्या फिरत्या पोराचे पाय चार दिवसांत गेले. आता तो चालतो, काठी घेऊन, जिना चढताना थांबतो. त्यानंतर आम्ही काही जण ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन आहे का ते बघायची चाचणी, शिकलो. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे, नाही आला तर नाही. नळाला निदान ०.२ मिलीग्रॅम प्रति लिटर क्लोरिन शिल्लक असावा लागतो. आरोग्य खात्याच्या सेविका करतात ही टेस्ट, त्यांना बोलवा, त्या आनंदाने दाखवतात. रंग आला नाही तर ते पाणी प्यायचं नाही आणि लगेच क्षेत्रीय कार्यालयाला कळवायचं, सोसायटीच्या टाकीत मेडिक्लोर, म्हणजे क्लोरिनचं औषध, टाकायचं, टाकी वर्षातून दोनदा तरी धुवायची. आमच्या सोसायटीची टाकी किती वर्षं धुतली नव्हती हे कमिटीलाच माहीत नव्हतं.

आई_सहकारनगरला (गुरुवार रात्र)

मी बर्मिंगहॅमला असतो. इथे बसून हा धागा वाचतोय कारण आई एकटी असते सहकारनगरला, ८१ वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिला फोन केला की म्हणते सगळं छान आहे. पाणी आहे का विचारलं तरी आहे म्हणते. काल रात्री व्हिडिओ कॉलवर मागे स्वयंपाकघरात पिंप दिसलं, झाकण बाजूला, तळाला पाणी. मी काही बोललो नाही, ती पण नाही. पर्वतीपायथा ताई, तुमच्या पाटीचा मजकूर रोज नाही तरी बंदच्या आदल्या दिवशी इथे टाकाल का? मी तिला फोन करून भरून ठेवायला सांगत जाईन, निदान कामाच्या मावशींना सांगता येईल.

पर्वतीपायथा

अहो टाकेनच. आणि आईंची बिल्डिंग कुठली ते मला खासगी निरोपात कळवा, आम्ही तिथून दहा मिनिटांवर आहोत. उद्या सकाळी दोन कळश्या घेऊन येते, आमच्याकडे साठवलेलं आहे. त्यांना माझं नाव सांगून ठेवा म्हणजे दार उघडतील.

खराडीत_नवीन (शुक्रवार सकाळ)

अपडेट, काल क्षेत्रीय कार्यालयात गेलो होतो. अभियंत्यांनी खरंच नकाशा काढून दाखवला, आमची इमारत भामा आसखेडवर आहे, काल आमच्याकडे पाणी बंद नव्हतंच. आणि आम्ही काल टँकर मागवला होता, सगळ्यांनी मिळून. आता आमच्या लिफ्टजवळ मी टाकीचं नाव लिहून लावलंय.

दांडेकर_पुलाकडची (शुक्रवार दुपार)

एलएलआर, आमच्याकडे पावणेबाराला आलं, बारीक धार, अर्ध्या तासाने जरा बरं झालं. गढूळ होतं आधी, वरच्या पोस्टप्रमाणे बादल्यांत घेतलं.

दुरुस्तीचा दिवस म्हटलं की आमच्या वस्तीत लोक रागावतात, मी रागावत नाही. २७ सप्टेंबर २०१८ ला इथेच कालव्याची भिंत फुटली आणि घराघरांतून पाणी घुसलं तेव्हा माझ्या मुलीची वह्या पुस्तकं, गादी, धान्य सगळं रस्त्यावर वाहताना बघितलंय. एक दिवस पाणी बंद ठेवा पण काम नीट करा, एवढंच म्हणणं आहे. आणि काय काम केलं ते संध्याकाळी दोन ओळीत लिहा. कुठला पंप बदलला, कुठली गळती काढली. आम्ही दिवसभर थांबतो ना त्यासाठी, मग काय झालं ते कळायला हवं.

कागदं_३_ते_५

दांडेकर पुलाकडच्या ताई, ही फाईल मी येत्या सोमवारी मागतो. कालच्या दिवसात काय काम झालं त्याची नोंदवही असतेच. कुणाला यायचं असेल तर पावणेतीनला महापालिकेच्या मुख्य इमारतीच्या दारात, ओळखपत्र घेऊन. मागणीचा कागद मी आजच लिहून ठेवतो.

मंगळवारची_बैठक

मी येतो. गंजपेठींची टाकीवार वेळेची मागणी पण लेखी करूया, पाणीपुरवठा विभागाला आणि आपापल्या नगरसेवकांना एकच मजकूर. सह्या किती होतात ते बघू.

गंजपेठी

वस्तीतल्या सह्या मी आणते. रविवारी सगळ्या घरी असतात.

पर्वतीपायथा (शुक्रवार संध्याकाळ)

एचएलआर, आमच्याकडे चार वाजून दहा मिनिटांनी आलं. टी_चावी, तुमच्या वडिलांचा अंदाज अजून बरोबर आहे बघा. सकाळी आईंकडे जाऊन आले, त्यांनी चहा केल्याशिवाय सोडलं नाही, त्यांच्या जिन्यातही मोठ्या अक्षरात पाटी लावलीये आणि समोरच्या घरातल्या मुलाने पुढच्या वेळी मी लावेन म्हणून सांगितलंय. आमच्या आजींची कळशी भरून दिली. पहिली बादली जास्वंदीला घातली.

दौंडकर दादा, पाटीखालच्या तुमच्या दोन ओळी वाचून दुसऱ्या मजल्यावरच्यांनी आज गाडी ओल्या फडक्याने पुसली. सोमवारी मी पण येतेय, पावणेतीनला.